अलास्का क्रूझची आदली रात्र: व्हँकुव्हरच्या धक्क्यावरचा मुक्काम कसा आखावा

अलास्काच्या बऱ्याच क्रूझ अमेरिकेतून नाही, कॅनडातल्या व्हँकुव्हरहून सुटतात. याचं मूळ 1886 च्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरात प्रवासी चढवून थेट दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवता येत नाही. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी ध्वजाची, त्यामुळे ‘इथून चढा आणि वर अलास्कात उतरा’ अशी एकेरी सफर सिॲटलहून होत नाही, व्हँकुव्हरहून होते. उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला किंवा कॅनडाला आलेले आई-बाबा, आणि त्यांना घेऊन निघालेली मुलं-सुना-जावई, अशी मराठी मंडळी या धक्क्यावर हमखास दिसतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि भारतातून थेट क्रूझसाठी येणाऱ्यांसाठी आहे.

धक्क्याजवळच्या हॉटेलात एक रात्र काढण्याकडे बहुतेक जण चैन म्हणून बघतात. तिचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. विमानाला उशीर झाला तरी जहाज चुकत नाही, आणि सकाळी बॅगा घेऊन शहरभर फिरावं लागत नाही. म्हणून हॉटेल निवडताना खोलीचे फोटो नंतर बघा. आधी विचारा, ‘माझी बॅग या खोलीतून जहाजाच्या केबिनपर्यंत कशी जाणार?’ पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाला धरूनच आहेत.

आधी व्हिसा, मग हॉटेल

इथे चूक झाली तर हॉटेलचं आरक्षण, क्रूझचे पैसे, सगळंच बुडतं. भारतीय पासपोर्टवर या प्रवासासाठी दोन व्हिसा लागतात. व्हँकुव्हरला उतरायला कॅनडाचा, आणि अलास्का अमेरिकेत असल्यामुळे अमेरिकेचा. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे म्हणून कॅनडाचा लागणार नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. एच-वन-बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या भारतीय नागरिकालाही कॅनडाचा व्हिसा काढावाच लागतो. ग्रीन कार्डधारकांना लागत नाही, पण पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात.

क्रूझ व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परतणारी असेल तर तुम्ही कॅनडात दोनदा प्रवेश करता. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतताना अडचण येऊ शकते. त्यावर ‘मल्टिपल’ छापलं आहे ना, हे घरीच डोळ्यांनी वाचा. कॅनडाच्या व्हिसाला कधीकधी महिनोन्‌महिने लागतात, म्हणून क्रूझची अनामत भरण्याआधीच अर्ज टाकणं शहाणपणाचं.

किती रात्री?

अमेरिकेतून किंवा कॅनडाच्या दुसऱ्या शहरातून येत असाल तर एक रात्र पुरते, मात्र विमान आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचणारं हवं. रात्री अकराला उतरणारं विमान घेतलं आणि ते रद्द झालं, तर पुढचं सकाळचं, आणि मग आदल्या रात्रीचा सगळा उपयोगच गेला.

भारतातून येणाऱ्यांनी दोन रात्री धराव्यात, आणि हा सल्ला खर्च वाढवण्यासाठी नाही. मुंबई-पुण्याहून व्हँकुव्हरला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं, आणि जिथे विमान बदलतं तिथेच बॅग मागे राहते. मागे राहिलेली बॅग साधारण दुसऱ्या दिवशी येते. जहाज सुटल्यावर आली तर तिला अलास्कातल्या एखाद्या बंदरात गाठावं लागतं, आणि तोवर जूनच्या थंडीत हिमनदी बघायला अंगावर फक्त विमानातला शर्ट. शिवाय उन्हाळ्यात भारत आणि व्हँकुव्हर यांच्यात साडेबारा तासांचा फरक असतो. तिथे दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. शरीराला दिवस आणि रात्र यांची पूर्ण अदलाबदल करायची असते. ते एका रात्रीत होत नाही, आणि साठीच्या पुढच्या माणसांना तर ते फारच जाणवतं.

कोणतं हॉटेल?

क्रूझचा धक्का म्हणजे कॅनडा प्लेस. 1986 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली, छतावर पाच पांढरी शिडं असलेली इमारत. पूर्वी पूर्वेकडे बॅलंटाइन धक्क्यावरूनही क्रूझ सुटत, पण 2014 नंतर ते बंद झालं. जुनी माहिती वाचून गोंधळू नका, आता सगळी क्रूझ जहाजं कॅनडा प्लेसलाच लागतात.

पॅन पॅसिफिक हे हॉटेल कॅनडा प्लेसच्या इमारतीतच आहे. लिफ्टने खाली उतरलं की क्रूझ टर्मिनल, बाहेरचं वारं लागायच्या आत. गुडघेदुखी असलेले, व्हीलचेअर लागणारे किंवा लहान मुलं घेऊन आलेले यांच्यासाठी याहून सोपं काही नाही. रस्त्यापलीकडे फेअरमाँट वॉटरफ्रंट आहे. तिथून जमिनीखालच्या बंदिस्त वाटेने टर्मिनलला जाता येतं, आणि बंदराकडच्या खोल्यांतून धक्क्याला लागलेलं जहाज अगदी समोर दिसतं. थोडं पश्चिमेला फेअरमाँट पॅसिफिक रिम. ते या तिघांत नवं, 2010 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळचं, आणि बहुधा सर्वात महाग. चालत पाच-सात मिनिटं. वेस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावर मॅरियट पिनॅकल आणि पिनॅकल हार्बरफ्रंट ही दोन हॉटेलं आहेत. ती पाण्यापासून एक-दोन गल्ल्या मागे, धक्क्यापर्यंत दहाएक मिनिटांचं चालणं, आणि दर अनेकदा कमी.

मे ते सप्टेंबरमध्ये धक्क्यालगतच्या हॉटेलांचा एका रात्रीचा दर सहज 500 कॅनेडियन डॉलरच्या वर जातो, आणि त्यावर करांचेच आणखी 16 ते 19 टक्के चढतात. दर बघताना ‘करांसह’ हा पर्याय लावूनच तुलना करा. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर आमच्या मते हे पैसे सार्थकी लागतात. धडधाकट जोडप्याने मात्र विमानतळाजवळ रिचमंडमध्ये राहून सकाळी मेट्रोने यायला काहीच हरकत नाही. गाडी सुमारे 25 मिनिटांत धक्क्यापाशी आणते. दोन रात्रींचा मुक्काम असेल तर पहिली रात्र रिचमंडला आणि दुसरी धक्क्यावर असंही करता येतं, पण मग बॅगा दोनदा बांधाव्या लागतात, आणि लांबच्या प्रवासानंतर तेच सर्वात जिवावर येतं.

आरक्षण करण्याआधी हॉटेलला मेल करून तीन गोष्टी लेखी विचारा. क्रूझच्या दिवशी बॅगा हॉटेलचे कर्मचारी थेट जहाजाच्या सामान-कक्षात पोहोचवतात का, की फक्त दारापर्यंत? त्याचे पैसे वेगळे का? आणि किती वाजेपर्यंत बॅगा द्याव्या लागतात? याची उत्तरं हॉटेलागणिक आणि हंगामागणिक बदलतात. आरक्षण रद्द करता येणारंच घ्या. क्रूझ कंपन्या कधीकधी तारीख किंवा निघण्याची वेळ बदलतात, आणि न परतणाऱ्या दरात वाचलेले 50 डॉलर तेव्हा फार महाग पडतात.

‘बंदराचं दृश्य’ आणि ‘शहराचं दृश्य’ यांतल्या फरकाबद्दल थोडं. बंदराकडच्या खोलीसाठी जादा पैसे मोजायचे तर सगळ्या उजेडाचा फायदा मिळायला हवा. जूनमध्ये सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री सव्वानऊनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला खोलीत शिरलात तरी तीन तास बघायला मिळतं. समोर पाण्यावर उतरणारी आणि उडणारी छोटी विमानं, दोन्ही काठांमध्ये ये-जा करणारी सीबस ही प्रवासी बोट, पलीकडच्या किनाऱ्यावर गंधकाचा पिवळाधमक ढीग, त्यामागे डोंगर. रात्री अकराला पोहोचून सकाळी नऊला निघणार असाल तर शहराकडची खोलीच घ्या. झोपेच्या बाबतीत नाजूक असाल तर एवढं लक्षात ठेवा की पाण्यावरची विमानं उजेड असतानाच उडतात, रात्री त्यांचा आवाज नसतो. पडदे मात्र पूर्ण ओढा, नाहीतर पहाटे पाचला खोली उजळते.

विमानतळावरून हॉटेलपर्यंत

इमिग्रेशन आणि बॅगा आटोपल्यावर दोन पर्याय आहेत. कॅनडा लाइन ही मेट्रो विमानतळातूनच निघते आणि वॉटरफ्रंट हे तिचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे उतरायचं चुकत नाही. तिकिटात विमानतळावरून निघताना 5 डॉलरचा अधिभार धरलेला असतो. तो धरून मोठ्या माणसाला साधारण दहा डॉलरच्या आसपास लागतात, आणि संध्याकाळी साडेसहानंतर व शनिवार-रविवारी थोडं कमी. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड दारावर टेकवलं तरी चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. चौघं असाल तर चार कार्डं किंवा यंत्रातून चार तिकिटं. बाहेर पडतानाही तेच कार्ड टेकवावं लागतं, म्हणून ते बॅगेत खोल ठेवू नका.

वॉटरफ्रंट स्टेशनच्या मुख्य दारातून कॉर्डोव्हा रस्त्यावर बाहेर पडा, उजवीकडे वळून हाऊ स्ट्रीटपर्यंत जा, तिथे पुन्हा उजवीकडे पाण्याच्या दिशेने. चारशे मीटरच्या आसपास अंतर आहे. माणशी एक चाकांची बॅग असेल तर हे सहज जमतं. मात्र चार माणसांत सहा मोठ्या सूटकेस असतील तर मेट्रोच्या भानगडीत पडू नका, सरळ मोठी टॅक्सी घ्या. विमानतळावरून शहराच्या मध्यभागी टॅक्सीचं भाडं विभागवार ठरलेलं असतं, मीटरवर नाही. साधारण 40 डॉलरच्या आसपास धरा, वर टिप.

हॉटेलच्या काउंटरवर

खोली दुपारी तीन किंवा चारला मिळते. सकाळीच पोहोचलात तर बॅगा बेल डेस्कवर, म्हणजे सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर ठेवून, पावती घेऊन फिरायला जा. पासपोर्ट, औषधं आणि गरम जॅकेट तेवढं जवळ ठेवा.

काउंटरवर क्रेडिट कार्ड मागतील. खोलीचे पैसे आधी भरले असले तरी किरकोळ खर्चासाठी अनामत म्हणून रात्रीमागे 100 डॉलर किंवा अधिक रक्कम अडकवून ठेवतात. भारतातून आलेले अनेक जण इथे फॉरेक्स कार्ड पुढे करतात, आणि मग ती रक्कम सुटायला कित्येक दिवस लागतात. तोवर तुम्ही अलास्कात, आणि कार्डावर शिल्लक दिसत नाही. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्या, फॉरेक्स कार्ड खरेदीला वापरा. कार्ड प्रत्यक्ष हातात हवं आणि ते आरक्षण ज्याच्या नावावर आहे त्याचंच हवं. मुलाने स्वतःच्या कार्डावर आई-बाबांसाठी खोली घेतली असेल आणि तो स्वतः दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर हॉटेलकडून आधीच परवानगीचा फॉर्म मागवून भरून ठेवा. हे राहून गेलं तर दोन वयस्क माणसं लॉबीत बसून राहतात आणि मुलगा विमानात, फोन बंद.

हॉटेलचे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये, जहाजावरचे अमेरिकी डॉलरमध्ये. एका रात्रीसाठी कॅनडाच्या नोटा फारशा लागत नाहीत. बॅगा उचलणाऱ्याला बॅगेमागे दोन-तीन डॉलर देण्यापुरते सुट्टे असले की झालं. रेस्टॉरंटमध्ये 15 ते 20 टक्के टिप देण्याची रीत आहे.

नळाचं पाणी निर्धास्त प्या. ते समोर दिसणाऱ्या डोंगरांमागच्या कॅपिलानो, सीमोर आणि कोक्विटलम खोऱ्यांतून येतं. खोलीतल्या बाटलीवर किमतीची चिठ्ठी असेल तर तिला हात लावू नका.

चहासाठी किंवा पोह्यांसाठी पाणी उकळायला भारतातून इलेक्ट्रिक केटल नेणाऱ्यांसाठी: कॅनडात वीज 120 व्होल्टची. आपली 230 व्होल्टची केटल तिथे जेमतेम पाव शक्तीने चालते, म्हणजे पाणी उकळायला जवळपास चौपट वेळ. हॉटेलकडे मागा, बहुतेक ठिकाणी केटल खोलीत आणून देतात. जहाजावर तर केटल, इस्त्री, मेणबत्त्या आणि गरम कॉइल यांना बंदीच असते. सुरक्षा तपासणीत ती वस्तू निघाली की बॅग अडकते, आणि तुम्हाला खाली बोलावून ती उघडायला लावतात. फोन-लॅपटॉपचे चार्जर दोन्ही व्होल्टेजवर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा ॲडॉप्टर घ्या.

संध्याकाळ: पाय मोकळे करा, लांब जाऊ नका

दिवस उलटा झालेल्या शरीरासाठी सर्वात चांगलं औषध म्हणजे संध्याकाळच्या उजेडात तासभर चालणं. कॅनडा प्लेसच्या भोवती पाण्यावरून जाणारी फिरायची वाट आहे, तिला पैसे लागत नाहीत. तिथून पश्चिमेला कोल हार्बरच्या काठाने चालत राहिलात की 2010 च्या ऑलिंपिकची ज्योत ठेवलेली जागा लागते, कन्व्हेन्शन सेंटरचं हिरवं छत लागतं, पाण्यावरच्या विमानांचा तळ लागतो. पुढे स्टॅनले पार्क. पार्कभोवतीची समुद्राकाठची वाट सुमारे नऊ किलोमीटर आहे, तेव्हा लांबून आलेल्या दिवशी ती पूर्ण करायच्या फंदात पडू नका. रात्री नऊला पार्कातून तोफेचा आवाज येतो. ती रोज वाजते, घाबरायचं कारण नाही. तसंच दुपारी बाराला कॅनडा प्लेसवरून कॅनडाच्या राष्ट्रगीताच्या पहिल्या चार सुरांचे भोंगे वाजतात, 115 डेसिबलचे. कडेवर तान्हं मूल असेल तर बाराच्या ठोक्याला अगदी खाली उभे राहू नका.

पूर्वेला गॅसटाऊन आहे, वाफेचं घड्याळ बघायला लोक जातात. ते 1977 चं आहे. तिथपर्यंत जायला हरकत नाही. पण तिथून दक्षिण-पूर्वेला ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्याच्या बाजूला वळू नका. व्यसनाधीन आणि बेघर लोकांची फार मोठी वस्ती तिथे फुटपाथवर आहे. ते कुणाच्या वाटेला जातातच असं नाही, पण अंधारात, नव्या शहरात, आई-बाबांसोबत तिथे शिरण्याचं कारण नाही. नकाशा कधीकधी जवळची वाट म्हणून तिथूनच काढतो.

राहिलेली खरेदी आजच उरका. ग्रॅनव्हिल आणि जॉर्जिया रस्त्यांच्या कोपऱ्यावर लंडन ड्रग्ज हे मोठं दुकान आहे, धक्क्यापासून दहा मिनिटांवर. तिथे उलटीवरची गोळी मिळते, कॅनडात तिचं नाव ग्रॅव्हॉल. अलास्काची वाट बेटांच्या आडोशातून जाते म्हणून समुद्र बराच शांत असतो, पण व्हँकुव्हर बेटाचं उत्तर टोक ओलांडल्यावर काही तास जहाज उघड्या समुद्रात असतं, आणि त्रास होणाऱ्यांना तो तिथेच होतो. गोळीने झोप येते. इतर औषधं चालू असतील तर दुकानातल्या फार्मासिस्टला विचारून घ्या. जहाजावरही गोळी मिळेल, पण महाग.

जेवणाचं म्हणाल तर धक्क्यालगतची ठिकाणं महाग, शाकाहारी पदार्थ मोजके. डाउनटाउनमध्ये भारतीय जेवण मिळतं, हॉटेलवर मागवताही येतं. मेन स्ट्रीट आणि 49 व्या ॲव्हेन्यूवरच्या पंजाबी मार्केटचं नाव ऐकून तिथे जावंसं वाटेल, पण ते दूर आहे. एका रात्रीच्या मुक्कामात त्यासाठी दीड-दोन तास घालवणं आम्हाला पटत नाही.

झोपण्याआधी बॅग दोन भागांत करा

ही पायरी सर्वात महत्त्वाची, आणि थकव्यामुळे नेमकी हीच टाळली जाते.

सकाळी मोठ्या बॅगा तुमच्या हातून जातील त्या केबिनच्या दारात येईपर्यंत दिसणार नाहीत. साधारण दुपारी, कधीकधी रात्री आठपर्यंतही. म्हणून मधल्या सात-आठ तासांत लागणारं सगळं पाठीवरच्या बॅगेत हवं. पासपोर्ट दोन्ही व्हिसांसह (जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल तर तोही), ग्रीन कार्ड, बोर्डिंग पास, रोजची सगळी औषधं, चष्मा, चार्जर, दागिने, कवळीचा डबा, एक स्वेटर, आणि मुलांसाठी कपड्यांचा एक जोड. मधुमेह असणाऱ्यांनी इन्सुलिन आणि काहीतरी खायला हाताशीच ठेवावं, कारण रांगेत दोन तासही जातात.

पासपोर्ट मोठ्या बॅगेत गेला तर काय होतं? बॅग जहाजाच्या पोटात आणि तुम्ही कागदाविना इमिग्रेशनच्या दारात. हजारो बॅगांतून ती शोधून काढेपर्यंत जीव टांगणीला लागतो. तसंच पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत ठेवला असेल तर त्याबरोबर एक बूट तिजोरीत ठेवा. बूट घातल्याशिवाय कुणी निघत नाही.

क्रूझ कंपनीच्या सामानाच्या चिठ्ठ्या घरीच छापून आणा. त्यावर नाव, जहाज आणि केबिनचा क्रमांक असतो. साधा कागद घडी घालून हँडलला चिकटपट्टीने लावला तर पावसात आणि ओढाताणीत निघून जातो. चिठ्ठी पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि तारेच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधा. छापायच्या राहिल्या असतील तर हॉटेलच्या काउंटरवर छापून मिळतात. विमानाच्या जुन्या चिठ्ठ्या काढून टाका. बॅगेच्या आतही नाव आणि केबिन क्रमांकाचा कागद ठेवा. बाहेरची चिठ्ठी फाटली की आतला कागदच ती बॅग तुमच्यापर्यंत आणतो.

खाऊचं काय करायचं?

व्हँकुव्हरची एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. अलास्काला जाणाऱ्या जहाजात चढण्याआधी कॅनडा प्लेसवरच अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं. म्हणजे धक्क्यावरून जहाजात शिरतानाच तुम्ही अमेरिकेच्या नियमांखाली येता. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मांस आणि बिया चालत नाहीत. हॉटेलच्या नाश्त्यातून पर्समध्ये टाकलेलं सफरचंद किंवा संत्रं इथे पकडलं जातं, आणि जाहीर केलं नसेल तर दंडही होऊ शकतो. चिवडा, चकली, खाकरा, बेसनाचे लाडू असा कोरडा, घरचा किंवा पाकीटबंद खाऊ असेल तर विचारल्यावर स्पष्ट ‘आहे’ म्हणून सांगा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली वस्तू अडचणीत आणते.

सकाळ

वेळेचा फरक अंगात असल्यामुळे तुम्हाला चार-पाचला जाग येणारच. अंथरुणात तळमळण्यापेक्षा खाली उतरा. जहाजं पहाटे ते सातच्या दरम्यान बंदरात येतात. 1938 च्या लायन्स गेट पुलाखालून आत शिरणारं जहाज कोल हार्बरच्या काठावरून दिसतं. ज्या जहाजावर तुम्ही दुपारी चढणार तेच सकाळी तुमच्यासमोर धक्क्याला लागताना बघणं, ही या मुक्कामाची खरी कमाई आहे, आणि ती बंदराकडच्या खोलीशिवायही मिळते.

नाश्ता आठच्या आत करा. त्यानंतर उतरणाऱ्या प्रवाशांची गर्दी हॉटेलच्या लॉबीत भरते. बॅगा हॉटेलने सांगितलेल्या वेळेआधी बेल डेस्कवर द्या, प्रत्येक बॅगेवर चिठ्ठी आहे हे स्वतः बघा, बॅगा मोजा आणि सगळ्यांचा एक फोटो काढून ठेवा. ‘जहाजावर’ की ‘तात्पुरत्या ठेवायच्या’ हे कर्मचाऱ्याला स्पष्ट सांगा. हा घोळ खरंच होतो, आणि मग बॅग हॉटेलच्या सामानाच्या खोलीत सुरक्षित पडून राहते आणि जहाज सुटतं.

खोली अकरा-बाराला सोडायची असते. क्रूझ कंपनीने दिलेली चेक-इनची वेळ पाळा. लवकर जाऊन फायदा नाही, उलट साडेदहा ते एक या वेळात रांग सर्वात लांब असते. त्या दिवशी किती जहाजं लागली आहेत हे बंदराच्या संकेतस्थळावरच्या वेळापत्रकात आधीच कळतं. एकच जहाज असेल तर सगळं तासाभरात उरकतं. तीन असतील, आणि प्रत्येकावर दोन ते चार हजार माणसं, तर दोन-अडीच तास धरून चाला. जहाज साधारण चार-पाचला सुटतं, पण चढण्याचं दार त्याआधी तास-दीड तास बंद होतं. ती वेळ बोर्डिंग पासवर छापलेली असते, तीच खरी.

टॅक्सीने येणाऱ्यांना इमारतीखालच्या मजल्यावर सोडतात, चालत येणारे वरून शिरतात. आत क्रम असा: कागदपत्रांची पहिली नजर, सुरक्षा तपासणी, अमेरिकेचं इमिग्रेशन, मग क्रूझ कंपनीचं काउंटर. भारतीय पासपोर्टधारकांची रांग बहुधा सावकाश सरकते, कारण बोटांचे ठसे आणि दोन-चार प्रश्न असतात. कुठे जाताय, किती दिवस, परत कधी. परतीचं विमान तिकीट फोनवर उघडून ठेवा. उभं राहणं जमत नसेल तर रांगेत लागण्याआधीच व्हीलचेअर मागा. क्रूझ कंपनीला चार-पाच दिवस आधी कळवलं असेल तर ती लवकर मिळते. इमिग्रेशन झाल्यावर ‘जरा बाहेर जाऊन येतो’ असं करता येत नाही, म्हणून कॅनडातली कामं, फोनचं सिम, राहिलेलं औषध, सगळं त्याआधीच.

जहाजात शिरल्यावर केबिनच्या दाराशी बॅगा आल्या का हे संध्याकाळी सहाला एकदा बघा. आठपर्यंत एखादी आली नाही तर प्रवासी सेवा कक्षात जाऊन सकाळचा फोटो दाखवा. बहुतेक वेळा ती चिठ्ठी फाटून खाली पडलेल्या बॅगांत असते, किंवा आत केटल सापडली म्हणून सुरक्षा कक्षात. जहाज धक्क्यावरून मागे सरून वळतं, आणि साधारण अर्ध्या तासात लायन्स गेट पुलाखालून जातं. पुलाची उंची सुमारे 61 मीटर, त्यामुळे मोठ्या जहाजांचं टोक पुलाच्या अगदी जवळून सरकतं. त्या वेळी बॅग उघडत केबिनमध्ये बसू नका. सर्वात वरच्या डेकवर पुढच्या बाजूला जागा धरा, आणि स्वेटर बरोबर न्या.